सही केली, वाचलं नाही

२०२५च्या मे महिन्यात आमच्या घरी दोन निकाल लागले. एकाचे पेढे वाटले. दुसरा कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला.

पेढे वाटले ते थोरलीच्या दहावीचे. १३ मे रोजी बोर्डाचा निकाल लागला, लेकीला नव्वदच्या वर टक्के पडले. आमचे हे दुकान अर्ध्यावर टाकून पेढ्यांचे बॉक्स घेऊन आले. साड्यांखाली गेला तो धाकट्याचा पाचवीचा निकाल. तो त्याआधी बारा दिवस, १ मे रोजी, शाळेत झेंडावंदन झाल्यावर हातात पडला होता. मराठी आणि परिसर अभ्यास, दोन विषयांत नापास. खाली लिहिलेलं, ‘जूनमध्ये पुनर्परीक्षा’.

मैत्रिणींनो, पाचवीत नापास! असं काही होऊ शकतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. आपल्या डोक्यात अजून ‘आठवीपर्यंत ढकलपास’ हेच बसलेलं आहे. तसं होतंही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं. पण २०१९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले, आणि २०२३-२४ या वर्षापासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला एका विषयाचे ५० गुण. ४० लेखी, १० तोंडी. पास व्हायला १८ हवेत. नापास झालेल्या मुलाला शाळेने जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तिथेही जमलं नाही, तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. शाळेतून मात्र काढून टाकता येत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. १ मे रोजी मी फक्त एवढंच केलं, पोराच्या पाठीत दोन धपाटे घातले. ‘मोबाइल, मोबाइल, दुसरं काही नको तुला’ असं ओरडले. मग निकाल कपाटात ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, ‘ताईचा निकाल लागेपर्यंत या विषयावर घरात एक शब्द नको.’

दहावीचं वर्ष म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी येऊन गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जूनमध्येच केबल बंद. पाहुण्यांना ‘यंदा दिवाळीला नका येऊ’ असा निरोप. सकाळी गणिताचा क्लास, संध्याकाळी सायन्सचा. लेकीला बदाम, लेकीला दूध, लेकीच्या खोलीत पंखा नवीन. धाकट्याने दंगा केला की ‘श्श, ताई अभ्यास करतेय!’ सगळं घर एका पोरीभोवती फिरत होतं आणि दुसरं पोर पायात आलं की त्याला बाजूला सरकवायचं, एवढंच. तोही बिचारा सरकत होता. तक्रार नाही, हट्ट नाही. मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, ‘आमचा धाकटा भारी शहाणा, त्याचं काही बघावंच लागत नाही.’

बघावं लागत नाही म्हणून बघितलंच नाही, हे तेव्हा कळत नव्हतं.

पेढ्यांच्या दिवशी पुण्याहून वन्संचा फोन आला. लेकीचं कौतुक करून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘आणि धाकट्याचं काय गं?’ मी म्हटलं, ‘झाला की पास. सहावीत गेला.’ शब्द कसे तोंडातून निघाले कळलं नाही. फोन ठेवून वळले तर तो दारात उभा. हातात रिकामा बॉक्स. सगळ्या गल्लीत ताईचे पेढे तोच वाटून आला होता.

रात्री अंथरुणं घालताना त्यानं विचारलं, ‘आई, तू आत्याला म्हणालीस मी पास झालो. मग आता परत परीक्षा नाही द्यायची ना?’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, आई म्हणाली म्हणजे झालं असेल काहीतरी. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून दोन तासांची सवलत घेऊन शाळेत गेले. खरं सांगते, भांडायलाच गेले होते. सुट्टी असूनही बाई पुनर्परीक्षेच्या मुलांसाठी सकाळी येत होत्या. मी म्हटलं, ‘वर्षभर एक शब्द बोलला नाहीत, आणि एकदम नापास?’ बाई काही बोलल्या नाहीत. कपाटातून प्रगतिपुस्तक काढलं आणि पहिल्या सत्राचं पान माझ्यासमोर धरलं. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘जोडाक्षरे वाचताना अडखळतो. घरी रोज प्रकट वाचन घ्यावे.’ आणि त्याखाली, ‘पालकांची सही’ या ओळीवर, माझी सही. तारखेसकट.

आठवलं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस होता. मी चकल्या तळत होते. पोरानं पुस्तक पुढे केलं, मी पदराला हात पुसले आणि सही ठोकली. श्रेण्यांवरून नजर फिरवली असेल, बाकी काही नाही. मी पतसंस्थेत बारा वर्षं काम करतेय. वीस रुपयांच्या व्हाउचरवरही वाचल्याशिवाय सही करत नाही. आणि इथे?

बाईंनी मग गुण दाखवले. मराठीत ५० पैकी ११. तोंडी परीक्षेत १० पैकी ८, आणि लेखीत ४० पैकी ३. म्हणाल्या, ‘ताई, त्याला येत नाही असं नाही. विचारलं की सगळं सांगतो. गणितात बघा, नुसती उदाहरणं सोडवली आहेत, शाब्दिक उदाहरणं कोरी सोडली आहेत. त्याला वाचता येत नाही. एकदा घरी समोर बसवून ऐका.’

पाचवी झालेल्या मुलाला वाचता येत नाही? मला ते पटेना. कारण आमच्या घरी तो रोज वाचत होता.

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. रोज सकाळी चहाबरोबर नातवानं पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. आजीची रास वृश्चिक. हा पेपर मांडीवर घ्यायचा, विंचवाच्या चित्रावर बोट ठेवायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचा, ‘आज धनलाभ होईल. पाहुणे येतील. तब्येत चांगली राहील.’ आजी खूश, नातू खूश. मी ओट्याशी पोळ्या लाटताना ते ऐकत असायची.

त्या संध्याकाळी मी तोच पेपर त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, ‘भविष्य नको. ही मोठ्या अक्षरातली बातमी वाच.’ तो वाचायला लागला. ‘गाव’, ‘पाणी’, ‘लोक’ हे शब्द आले. ‘जिल्हा’ आला आणि थांबला. ‘प्रशासन’ला थांबला. ‘राष्ट्रीय’ सोडून पुढे गेला. मग मान खाली घालून गप्प बसला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, पण रोज तर वाचतो.’ तो पुटपुटला, ‘आजी, मी मनानं सांगायचो.’

वर्ष-दीड वर्ष पोरगं आजीला मनानं चांगलं भविष्य सांगत होतं, आणि एकाही मोठ्या माणसाला शंका आली नाही की रोजच धनलाभ कसा होतो!

मग मी त्याचं दप्तर उपसलं. चौथी-पाचवीला त्याच्या वेळी चार भागांची पाठ्यपुस्तकं होती. २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन वर्षं पुस्तकांतच ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं दिलेली होती. पुढच्या वर्षापासून ती बंद झाली. इतर मुलांनी त्या पानांवर शब्दार्थ लिहिले असतील. आमच्याकडे पानापानांवर एसटीच्या गाड्या. लालपरी, शिवशाही, विठाई, चाकांच्या नटांसकट. अक्षर एक नाही. प्रकल्पाची वही मात्र सुंदर. असणारच, चित्रं मी चिकटवली होती आणि खालची माहिती ताईनं लिहिली होती.

हे झालं कसं, याचा हिशेब मांडत मागे गेले तर थेट मार्च २०२० पाशी पोचले. करोना आला, शाळा बंद झाल्या. त्या जूनमध्ये हा पहिलीत गेला. ‘गेला’ म्हणजे नाव लागलं. पहिलीचं अख्खं वर्ष त्यानं वर्ग पाहिला नाही. घरात स्मार्टफोन एकच. तो कुणाला मिळायचा? ताईला. ती सहावीत होती, तिचा अभ्यास महत्त्वाचा. हा बाजूला बसून खेळायचा. छोट्यांचे वर्ग भरायला डिसेंबर २०२१ उजाडला, तोवर दुसरीचं अर्धं वर्ष संपलं होतं, आणि जानेवारीत ते पुन्हा काही दिवस बंद. बाराखडी, काना-मात्रा घरात ऐकून आल्या. पण जोडाक्षरं शिकायची वेळ आली तेव्हा शाळा नव्हती, आणि शाळा उघडली तेव्हा धडे पुढे गेले होते. मूल हुशार होतं, म्हणून त्यानं पाठांतरावर निभावून नेलं. बाई धडा वाचायच्या, हा ऐकून लक्षात ठेवायचा. आपल्याला वाटायचं, वाचतोय.

असा तो एकटा नव्हता. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाचा अहवाल काढते. त्यांची माणसं खेड्यापाड्यांत घरोघर जातात, मुलाला समोर बसवतात आणि दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला देतात. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना तो उतारा नीट वाचता आला. आकडा मोठा आहे, पण मला लागलं ते वेगळंच. परकी माणसं दारात येऊन दहा मिनिटांत जे करतात, ते मी आई असून पाच वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

मे महिना हातात होता. त्यातच लेकीच्या अकरावीची धावपळ. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्यात प्रवेश ऑनलाइन झाले. फॉर्मचा भाग एक, भाग दोन, वेबसाइट बंद, पुन्हा सुरू. पण या वेळी मी यांना स्पष्ट सांगितलं, ‘तिचं तुम्ही आणि ती बघा. मी याच्याबरोबर.’

सकाळी तो बाईंकडे जायचा. संध्याकाळी मी पाठ्यपुस्तक घेऊन बसवलं तर दुसऱ्याच दिवशी त्याचं तोंड कडू. धडे त्याला पाठ होते, वाचायची गरजच पडत नव्हती. मग एक दिवस भाजी आणायला जाताना त्याला स्टँडवर घेऊन गेले. आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टँड छोटा, पण गाड्या भरपूर. म्हटलं, ‘सांग, कुठली गाडी?’ त्यानं लांबूनच सांगितलं, ‘स्वारगेट.’ मी म्हटलं, ‘कशावरून?’ म्हणाला, ‘पलीकडच्या फलाटावर लागते ना.’ पाटी त्यानं वाचलीच नव्हती!

तिथून आमची शाळा सुरू झाली. ‘स्वारगेट’मध्ये स आणि व एकत्र कसे बसलेत ते बघ. ‘अक्कलकोट’मध्ये दोन क. ‘बार्शी’वर रफार, ‘कुर्डुवाडी’वर रफार. ‘मार्गे टेंभुर्णी’त दोनदा. हा र एक भारी लबाड. कधी डोक्यावर बसतो, कधी ‘प्र’सारखा पोटात शिरतो, कधी ‘ट्र’सारखा पायाखाली टोपी घालतो. असं म्हटलं की पोरगं हसायचं. घरी येऊन त्या दिवशीच्या पाट्या वहीत लिहायच्या, वर गाडीचं चित्र काढायचं. मग किराण्याच्या पुड्यांचे कागद, औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेइतकी जोडाक्षरं तर कुठल्याच धड्यात नसतील! रोज फार तर पंधरा-वीस मिनिटं. चुकला तर मी लगेच शब्द सांगायचा नाही, मनात दहा अंक मोजायचे. हे मला बाईंनी शिकवलं, आणि सगळ्यात जड मलाच गेलं.

जूनमध्ये परीक्षा झाली. मराठीत २२, परिसर अभ्यासात २०. पास. मी दुकानातून पेढे आणले, अगदी तसेच. वन्संना स्वतः फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अगं, आधी सांगितलं असतंस तर चार गोष्टींची पुस्तकं पाठवली असती.’ लाज कशाची वाटत होती मला?

आता ओळखीतले लोक म्हणतात, ‘बघा, नापास करणं किती चांगलं! ढकलगाडी बंद केली ते बरंच झालं.’ मला ते तितकंसं पटत नाही. नापास झाल्यानं माझा मुलगा काही शिकला नाही, तो फक्त घाबरला. जागे झालो ते आम्ही. घराला जाग येण्यासाठी दहा वर्षांच्या पोराच्या नावापुढे ‘नापास’ लागावं लागलं, यात कसलं कौतुक? आणि पुनर्परीक्षेला त्याच्याबरोबर बसलेली मुलं मी पाहिली. त्यातल्या काहींचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, दिवाळीच्या सुमारास गेलेले ते उन्हाळ्यात परतलेले. त्यांना स्टँडवर कोण नेणार? त्यांच्यासाठी जादा शिकवणीचे ते दोन महिने म्हणजे शाळाच काय ती. परीक्षा घ्यायचीच, तर हे शिकवणं कागदावर राहता कामा नये. ते झालं नाही, तर ती परीक्षा फक्त मुलांना बाहेरचा रस्ता दाखवील. कायदा काढत नाही म्हणे, पण दोनदा नापास झालेलं पोर स्वतःहूनच येईनासं होतं.

पण आपल्यासारख्या, दोन वेळचं नीट असलेल्या, चार बुकं शिकलेल्या घरांचं काय? आपल्याकडे सबब नाही. आपण ट्यूशन लावतो, दप्तर घेतो, डबा देतो आणि ‘किती मिळाले?’ विचारतो. मूल वाचतं कसं, हे कानांनी ऐकत नाही.

म्हणून एक सांगावंसं वाटतं. प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी गुण बघू नका. बाईंनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, तिथून सुरुवात करा. त्या ओळी सगळ्या मुलांना सारख्याच लिहिल्यासारख्या वाटल्या, तर शाळेत जाऊन विचारा, ‘माझ्या मुलाबद्दल सांगा.’ आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या पाठ्यपुस्तकात नसलेलं काहीतरी त्याला मोठ्यानं वाचायला लावा आणि हातातलं काम ठेवून ऐका. आणि ज्यांच्या घरी यंदा दहावी-बारावी आहे त्यांनी घरातल्या दुसऱ्या पोराकडे एकदा वळून बघा. जे मूल त्रास देत नाही, त्याच्याकडे आधी बघा.

सहावीत गेल्यावर धाकट्याचा पहिला नंबर वगैरे काही आला नाही. अजूनही तो सावकाशच वाचतो. पण एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि तो आजीजवळ पेपर घेऊन बसला होता. बोट ठेवून, अडखळत वाचत होता, ‘वृ...श्चिक. आज... खर्च जपून करावा. जवळच्या... व्यक्तींशी वाद टाळावेत.’

सासूबाईंनी कप खाली ठेवला. ‘हे काय रे मेल्या! आजवर तुझ्या तोंडून कधी वाईट भविष्य आलं नव्हतं.’

‘आजी,’ तो म्हणाला, ‘आज लिहिलंय तेच वाचलं.’